सीपॅपची पाण्याची टाकी धुवायची कशी: सोलापूरचं पाणी, ऊन आणि धूळ धरून

झोपेत श्वास अडतो म्हणून डॉक्टर सीपॅप मशीन लिहून देतात, म्हणजे नळी आणि मास्कमधून रात्रभर दाबानं हवा देणारं यंत्र. ती घरी बसवायला येणारा माणूस मास्क कसा लावायचा, पट्टे किती आवळायचे हे अर्धा तास दाखवतो. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे त्या हवेला ओलावा देणाऱ्या भागाच्या, पाण्याच्या टाकीची पाळी आली की "रोज धूत जा, डिस्टिल्ड वॉटर टाका" एवढ्यावर काम उरकतं. पुढे घरोघरी तेच होतं. सकाळी उरलेलं पाणी टाकीत तसंच राहतं, रात्री त्यातच वरून भर पडते, आणि आठवडाभरानं आठवण झाली की टाकी नळाखाली धरून खळखळून परत लावली जाते.

जंतूंना वाढायला पाणी लागतं, ऊब लागते आणि वेळ लागतो. रात्री मशीन चालू असताना पाणी आणि ऊब टाळता येत नाही, ते ह्युमिडिफायरचं कामच आहे. आपल्या हातात असतो तो वेळ. रात्री आठ तास ओली राहिलेली टाकी दिवसभर उघडी आणि कोरडी राहिली, तर रात्रीत जमलेल्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. घासण्यापेक्षाही हे वाळवणं महत्त्वाचं आहे, आणि खालचा सगळा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

घाबरून जाण्याचं कारण नाही. सीपॅपच्या टाकीतलं पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, त्याचे तुषार उडत नाहीत. वाफेबरोबर जंतू सहसा वर जात नाहीत. पण मशीन कलली, टाकी कमाल रेषेच्या वर भरली किंवा नळीत पाणी साचलं, तर तेच पाणी थेंबाथेंबानं मास्कपर्यंत पोचतं, आणि मास्क तर नाकावरच असतो. सतत नाक चोंदणं, सायनसचं दुखणं, घशात खवखव, हवेला कुबट वास या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथं सापडतं. वय झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसांच्या बाबतीत तर हयगय नकोच, कारण लिजिओनेलासारखे जंतू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात चांगले वाढतात आणि न्यूमोनिया करू शकतात.

## टप्पा १: सामान वेगळं काढा

टाकीसाठी लागणाऱ्या वस्तू घरातल्या इतर कामाला वापरायच्या नाहीत, ही पहिली अट. एक लहान प्लॅस्टिकचं टोपलं, लहान मुलांचा मऊ दातांचा ब्रश, भांडी घासायचं सौम्य लिक्विड (शक्यतो बिनवासाचं), पांढरं व्हिनेगर, डिस्टिल्ड वॉटर, औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण आणि भाजी झाकायची जाळी. एवढ्यात भागतं.

भांड्यांची घासणी यात घेऊ नका. तारेची तर नाहीच, पण हिरवी चरचरीत घासणीसुद्धा टाकीच्या प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे पाडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, जंतूंना मात्र आडोसा म्हणून पुरतात.

तपासणी: टाकी ओली असताना आतून बोट फिरवा. बोट चरचरलं तर टाकी स्वच्छ. बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या तळासारखं बुळबुळीत लागलं, तर तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला थर आहे. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही, साबण आणि ब्रश लागतोच. गुलाबी झाक दिसली तरी अर्थ तोच. रबरी सील बसतं त्या खाचेत काळी रेघ दिसली तर ती बुरशी समजा.

## टप्पा २: पाणी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

टाकीत भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर, औषधाच्या दुकानातलं, सीलबंद. कारण दुहेरी आहे. त्यात क्षार नसतात, त्यामुळे टाकीच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरा थर धरत नाही. तो थर खडबडीत असतो आणि जंतू त्यालाच चिकटून बसतात. म्हणजे क्षार हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. इंजेक्शनचं नव्हे, पण जखमा धुण्यासाठी बाटलीत मिळतं ते 'स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन' चालतं, फक्त महाग पडतं.

बाकीच्या पाण्यांचा हिशेब असा:

नळाचं पाणी. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते हौदात, ड्रममध्ये, गच्चीवरच्या टाकीत साठवलं जातं. महापालिकेनं टाकलेलं क्लोरीन साठवणीत उडून जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रममधलं पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात जंतूंना रोखणारं काही उरलेलं नसतं. शिवाय क्षार आहेतच.

बोअरचं पाणी. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा भागांत वापराला बोअरचं पाणी असतं. गिझरच्या कॉइलवर जे पांढरं खापर धरतं, तेच टाकीच्या पत्र्यावर आठवड्याभरात दिसू लागतं.

आरओचं पाणी. "आमचं आरओ आहे, म्हणजे शुद्धच" हा समज सर्वांत पसरलेला. घरगुती आरओ मशीन पिण्यासाठी असते, म्हणून चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून पाहा. आरओच्या पाण्यात बहुतेक वेळा ५० ते १०० किंवा वर आकडा दिसेल, चांगल्या डिस्टिल्डमध्ये एक आकडी. मीटर फक्त क्षार सांगतं, जंतू सांगत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उकळलेलं पाणी. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटलं तेवढे ते दाट होतात.

जारचं पाणी आणि बाटलीबंद पाणी. जार कुठं भरला, कधी धुतला याचा पत्ता नसतो. बाटलीबंद मिनरल वॉटरमध्ये नावाप्रमाणेच मिनरल असतात.

बॅटरीचं पाणी. इन्व्हर्टरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं स्वस्त 'डिस्टिल्ड वॉटर' बहुधा क्षार काढलेलं पाणी असतं. टीडीएस मीटरवर ते पास होतं आणि म्हणूनच फसवतं. ते बॅटरीसाठी भरलेलं असतं, नाकापर्यंत जाण्यासाठी नव्हे. कॅन पुन्हा पुन्हा वापरलेले असू शकतात.

एसीच्या पाइपमधून पडणारं पाणी. हेही लोक साठवतात, "वाफेचंच तर पाणी" म्हणून. एसीच्या आतल्या धूळ बसलेल्या, बुरशी धरलेल्या जाळीवरून ओघळून ते बादलीत पडतं. कुंडीला घाला.

सलाइन. दवाखान्यातून उरलेली सलाइनची बाटली निर्जंतुक असते, पण त्यात मीठ असतं. पाणी उडून गेलं की मीठ पत्र्यावर राहतं आणि पत्रा खायला लागतं.

किती पाणी लागेल? बहुतेक टाक्या ३०० ते ४०० मिलिलिटरच्या असतात. रोज ३५० भरायला आणि ५० शेवटच्या विसळणीला धरले, तर महिन्याला १२ लिटर. पाच लिटरचा कॅन बारा दिवस जातो. कॅन उघडला की झाकणावर तारीख लिहा, पाणी ओतून घ्या, आत पेला किंवा चमचा बुडवू नका. उघडा कॅन उन्हाच्या खिडकीत ठेवला तर त्यात हिरवट झाक यायला वेळ लागत नाही.

डिस्टिल्ड संपलं आणि रात्र झाली तर: स्वच्छ पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून, झाकून, पूर्ण गार करून एखाद-दोन रात्री वापरा आणि टाकी सकाळी न चुकता धुवा. नाहीतर ह्युमिडिफायर बंद करून रिकाम्या टाकीनिशी मशीन चालवा. नाक कोरडं पडेल, पण उपचार चुकणार नाही. मशीनच न लावणं हा पर्याय नव्हे.

## टप्पा ३: रोज सकाळी, पाच मिनिटं

क्रम बदलू नका. तो तसा का आहे हे प्रत्येक पायरीत सांगितलं आहे.

१. मशीन बंद करा, प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. टाकीखालची प्लेट तापलेली असते. तोंड धुऊन चहा होईतो ती निवते.

२. हात साबणानं धुवा. ही पायरी सगळे गाळतात. रात्रभर नाकातून येणारे जंतू मास्कवर असतात, तेच हात टाकीत घातले की धुण्याला अर्थ राहत नाही.

३. आधी नळी मशीनपासून सोडवा, मग टाकी आडवी सरळ बाहेर ओढा. पाणी भरलेली टाकी आत असताना मशीन उचलायची नाही, कलती करायची नाही. पाणी हवेच्या वाटेनं मोटरकडे शिरतं. मशीन बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ही दुरुस्ती स्वस्त नसते.

४. उरलेलं पाणी सगळं ओतून द्या. पैसे घालून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर फेकायला जिवावर येतं, कळतं. तुळशीला घाला. पण परत टाकीत नको. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागं राहतात, जंतू मागं राहतात. रोज वरून भर घातली की दोन्ही दाट होत जातात.

५. टोपल्यात कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल एवढंच. त्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब. झाकण उघडून टाकी बुडवा आणि मऊ ब्रशनं या जागा घासा: तळाचा पत्रा आणि प्लॅस्टिक जोडलेली कड, सीलची खाच, झाकणाची बिजागरी, हवा आत-बाहेर जाण्याची दोन भोकं. टाकीच्या सपाट बाजू चकचकीत करत बसण्यात वेळ घालवू नका. घाण नेहमी कोपऱ्यात असते.

सील बाहेर काढण्याजोगं आहे का, हे मशीनबरोबरच्या पुस्तिकेत पाहा. नसेल तर ओढू नका. ताणलेलं सील हवा गळवतं आणि मग रात्रभर शिट्टी वाजते.

६. वाहत्या पाण्यानं फेस जाईपर्यंत विसळा. साबण राहिला तर रात्री त्याचा वास येतो, नाकात झोंबतं.

७. आता ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर टाकीत घ्या, सगळीकडे फिरवा, ओतून द्या. सोलापूरच्या घरात ही पायरी ऐच्छिक नाही. धुतलेलं पाणी जर चार दिवसांच्या ड्रममधलं असेल, तर विसळताना आपण टाकीत नवे जंतू आणि क्षार सोडत असतो. शेवटची विसळणी ते धुऊन नेते.

मास्कची नाकावर टेकणारी मऊ गादीही याच वेळी, याच साबणानं, पण टाकी झाल्यावर धुवा. चेहऱ्याचं तेल, खोबरेल, क्रीम त्यावर बसतं, मग गादी घसरते आणि हवा गळते. डोक्याचे पट्टे आठवड्यातून एकदा पुरे.

## टप्पा ४: वाळवणं

टाकी जोरात दोनदा झटका, झाकण उघडं ठेवून पालथी घाला आणि वर जाळी झाका.

पुसू नका. सोलापुरात घरोघरी टर्किश टॉवेल असतो आणि हात आपसूक त्याच्याकडे जातो. तोच नको. त्याचे बारीक तंतू सीलच्या खाचेत आणि बिजागरीत अडकतात, ओल धरून ठेवतात आणि काळी रेघ नेमकी तिथूनच सुरू होते. नवा टॉवेल तर फारच तंतू सोडतो. घाईच असेल तर खूप धुतलेलं, विरलेलं धोतराचं किंवा मलमलीचं फडकं बाहेरून फिरवा. आत काही घालू नका.

जागा कुठली? थेट उन्हात नको. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळीसच्या वर असतो. गच्चीवरच्या उन्हात प्लॅस्टिक पिवळं पडतं, ठिसूळ होतं, सील आखडतं. स्वयंपाकघरात नको, फोडणीचा तेलकट धूर बसतो. न्हाणीघरात तर मुळीच नको. खोलीत सावलीला, वारा खेळेल अशा फळीवर ठेवा.

तपासणी: संध्याकाळी टाकी हातात घेऊन बिजागरीजवळ आणि सीलच्या खाचेत पाहा. थेंब दिसला तर ती वाळलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये असं रोज होतं. तेव्हा पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा, किंवा दुसरी टाकी विकत घेऊन दोन्ही आलटून पालटून वापरा. पावसाळ्यापुरता तरी दुसऱ्या टाकीचा खर्च वसूल होतो.

## टप्पा ५: रात्री भरणं

झोपायच्या आधी, सकाळी नव्हे. "सकाळीच भरून ठेवलं की रात्री कटकट नको" असं करणारे बरेच आहेत, पण त्यानं दिवसभराचं वाळवणं वाया जातं.

टाकी मशीनमधून बाहेर काढूनच भरा, कमाल रेषेच्या किंचित खाली थांबा. बाहेरून पुसा, पत्रा कोरडा आहे ना पाहा, मग आत सरकवा. मशीन सपाट जागी, डोक्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा. पलंगाशेजारी बुटकं स्टूल चांगलं. फरशीवर नको, धूळ तिथंच सर्वांत जास्त असते. पातळी खाली असली की नळीत जमलेलं पाणी मास्ककडे न येता मागं टाकीकडे जातं.

## टप्पा ६: आठवड्यातून एकदा व्हिनेगर आणि नळी

रविवार ठरवून टाका. रोजच्या धुण्यानंतर टाकीत एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी भरा. ३५० मिलिलिटरच्या टाकीला साधारण ३५ मिलिलिटर व्हिनेगर, म्हणजे दहा मिलिलिटरची साडेतीन टोपणं. पंधरा मिनिटं ठेवा, ब्रश फिरवा, तीन पाण्यांनी विसळा, शेवटी डिस्टिल्ड. पत्र्यावर पांढरा थर बसला असेल तर प्रमाण वाढवा: एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास. एका खेपेत निघाला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा, पण खरवडू नका. यातलं प्रमाण किंवा पदार्थ तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर पुस्तिकेचं ऐका.

व्हिनेगर क्षार विरघळवतं आणि त्याबरोबर जंतूंचा आसरा जातो, हे त्याचं खरं काम. ते जालीम जंतुनाशक नाही, म्हणून साबणाऐवजी चालत नाही. किराणा दुकानातलं खाण्याचं पांढरं व्हिनेगर घ्या. रंगीत नको, लोणच्यातलं नको, आणि ॲसेटिक ॲसिड म्हणून विकतात ते दाट रसायन तर हात लावायलाही नको. लिंबू पिळणारेही आहेत, पण त्याचा गर खाचेत राहतो.

दोन सूचना. व्हिनेगर भरलेली टाकी मशीनमध्ये लावून तापवू नका. आणि व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

नळी: कोमट साबणपाण्यात बुडवून दोन्ही टोकं धरून पाणी इकडून तिकडे हलवा, पुढून मागून विसळा. मग दोरीवर अशी टाका की दोन्ही टोकं खाली लोंबतील. मधे झोळ राहिला तर पाणी तिथंच थांबतं. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळते, पावसाळ्यात अख्खा दिवस लागतो, म्हणून सकाळीच धुवा. तापणारी नळी असेल तर विजेची टोकं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय जोडू नका.

## टप्पा ७: फिल्टर, सर्वांत शेवटी

शेवटी का, तर त्याची धूळ उडते. धुतलेली टाकी उघडी असताना फिल्टर काढू नका.

पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तो महिन्यातून एकदा पाहा, करडा झाला की फेका. कंपन्या सहा महिन्यांची मुदत सांगतात, पण अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे घराशेजारी यंत्रमाग चालत असतील तर सुताचा भुगा त्यावर महिन्या-दीड महिन्यात दिसतो. घरात विड्या वळल्या जात असतील तर मशीन दुसऱ्या खोलीत ठेवा. तंबाखूची बारीक पूड फिल्टरवर बसते आणि वास थेट नाकात येतो. करड्या स्पंजचा फिल्टर मात्र धुता येतो: दोन आठवड्यांनी साध्या पाण्यात, पिळून, पूर्ण वाळवून. ओला स्पंज लावला की मशीन ओली हवा आत ओढते.

मशीनचं हवा ओढायचं तोंड भिंतीला, पडद्याला किंवा चादरीला टेकलेलं नको. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल त्या खोलीत रात्री नको.

## हे टाकीत कधीही नको

सर्दी झाली की टाकीत निलगिरीचे दोन थेंब, कापूर, ओवा, नाक मोकळं करायचा बाम टाकायचा मोह होतो. चुलीवरच्या वाफाऱ्याचा आणि सीपॅपचा संबंध नाही. तेल वाफेबरोबर दाबानं फुप्फुसात जातं, प्लॅस्टिकला तडे पाडतं आणि सीलमध्ये मुरतं. एकदा मुरलेला वास जात नाही, टाकी बदलावी लागते.

फिनाइल, डेटॉल, सॅव्हलॉन, ब्लीच, सॅनिटायझर, स्पिरिट, तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, उकळतं पाणी, गिझरचं कढत पाणी: काहीच नको. जंतुनाशकाचा अंश प्लॅस्टिकमध्ये राहतो आणि रात्रभर तापून नाकात येतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या ओझोनच्या सफाई पेट्यांबद्दल वारंवार विचारणा होते. ओझोन फुप्फुसांना त्रास देणारा वायू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये अशा ओझोन आणि अतिनील किरणांच्या उपकरणांबाबत इशारा दिला होता. २०२१ मध्ये लाखो मशीन त्यांच्या आतला आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा ओझोननं ती झीज वाढू शकते हेही पुढे आलं. शिवाय पेटी पत्र्यावरचा क्षार काढत नाही, बुळबुळीत थर घासत नाही. साबणाचं काम साबणच करतो.

## ऋतूप्रमाणे बदल

उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की पहाटेपर्यंत टाकी रिकामी होऊ शकते. रोज सकाळी तळाला किती पाणी उरलं ते पाहा. रोजच कोरडीठाक असेल तर मशीनवर लावलेला ओलाव्याचा आकडा एकानं कमी करा. पण खोलीत कूलर असेल तर हिशेब उलटतो. कूलरनं हवा आधीच दमट केलेली असते, आकडा बराच खाली आणता येतो. कूलरची टाकी मात्र सीपॅपच्या टाकीइतकीच स्वच्छ हवी. वाळ्याच्या पडद्याला कुबट वास येत असेल तर मशीन तीच हवा ओढून नाकात देते, मग सीपॅपची टाकी कितीही घासा.

डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, रात्री गार होतात. मशीनमधली उबदार हवा गार नळीत येते आणि पाणी सुटतं. मध्यरात्री नळीत गुळगुळ आवाज, चेहऱ्यावर थेंब. आकडा एकानं उतरवा, किंवा जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी शिवून नळीला खोळ घाला. खोळ बाहेरून असते, तंतूंची चिंता नाही. ज्या रात्री नळीत पाणी साचलं, त्या सकाळी नळी धुवा, रविवारची वाट पाहू नका.

## आजारपण, प्रवास, जुनी मशीन

सर्दी-ताप असेल तेवढे दिवस नळी आणि मास्कही रोज धुवा. बरं वाटलं की कागदी फिल्टर बदला. ताप, हिरवट-पिवळा कफ, छातीत दुखणं किंवा आठवड्यावर टिकणारं सायनसचं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि टाकीत कुठलं पाणी घालता हेही सांगा. ते सहसा कोणी विचारत नाही. मशीन आपल्या मनानं बंद करू नका.

पंढरपूरला किंवा लग्नाला मुक्कामी जाताना टाकी रिकामी करून, वाळवून, वेगळ्या पिशवीत न्या. एक लिटरची सीलबंद बाटली दोन रात्रींना पुरते. लॉजच्या नळाचं पाणी टाकीत नको. परतल्यावर मशीन काही दिवस वापरणार नसाल तर टाकी आत लावून ठेवू नका.

ओळखीच्या माणसाची जुनी मशीन मिळाली तर टाकी, नळी, मास्क आणि फिल्टर या चारही गोष्टी नव्या घ्या. धुऊन चालत नाही. आतली हवेची वाट घरी साफ करता येत नाही, त्यासाठी विक्रेत्याकडे द्यावी लागते. आणि दाबाचा आकडा डॉक्टरांकडून तुमच्यासाठी नव्यानं लावून घ्यावा लागतो.

## टाकी बदलायची कधी

सर्वसाधारण मुदत सहा महिने सांगतात. नीट वापरलेली टाकी त्याहून जास्त चालते, पण टाकी धुऊन झाल्यावर उजेडात धरून या गोष्टी पाहा: धुतल्यावरही न जाणारा ढगाळपणा, कडेला केसाएवढी तडा, पत्र्यावर खड्डे किंवा गंज, सैल पडलेलं सील, ब्रशनं न निघणारी काळी रेघ. यातलं एकही दिसलं तर टाकी बदला. तडा आहे का याची शंका असेल तर रेषेपर्यंत पाणी भरून टाकी अर्धा तास कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला तर त्या रात्री ती टाकी मशीनमध्ये जाऊ देऊ नका.